वर्षभराच्या शाळेचे तोटे: कॅलेंडरच्या आधी ट्रॅक विचारा

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त कुटुंब नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला जातंय. थोरली नववीत, धाकटा तिसरीत. पत्त्यानुसार धाकट्याला मिळालेली शाळा ‘इयर-राउंड’ आहे. फायदे सगळेच सांगतात, तोटे कोणी सांगत नाही. शिवाय सासऱ्यांचा प्रश्न, हे इतकं चांगलं असेल तर आपल्याकडे का नाही?

आधी एक गैरसमज दूर करू. इयर-राउंड म्हणजे मूल जास्त दिवस शाळेत जातं असं नाही. दिवस तेवढेच, साधारण १८०. उन्हाळ्याची एक मोठी सुटी तोडून तिचे तुकडे वर्षभर वाटलेले असतात, एवढंच. सर्वांत रूढ मांडणी ४५-१५ची: नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुटी, असं चार वेळा. बारा चोक अठ्ठेचाळीस आठवडे झाले, उरलेले चार नाताळ वगैरे सगळ्यांच्या सामाईक सुट्यांत जातात. ६०-२० आणि ९०-३० अशाही मांडण्या आहेत, पण तुमच्या भागात गाठ पडेल ती ४५-१५शी.

खरा फरक पुढे आहे. सिंगल-ट्रॅक शाळेत सगळी शाळा एकाच वेळी भरते आणि एकाच वेळी सुटीवर जाते. मल्टी-ट्रॅकमध्ये मुलांचे चार गट पाडतात. कोणत्याही दिवशी तीन गट शाळेत, चौथा सुटीवर, त्याला तिकडे ‘ट्रॅक-आऊट’ म्हणतात. दोन्हींना नाव एकच, ‘इयर-राउंड’, आणि त्यामुळे तोट्यांच्या चर्चेत भलता गोंधळ होतो. सिंगल-ट्रॅकचे तोटे प्रामुख्याने घरच्या सोयीचे आहेत. मल्टी-ट्रॅकचे तोटे शिकवण्यापर्यंत पोचतात. म्हणून शाळेला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच.

मल्टी-ट्रॅक जन्माला आलं ते जागेच्या टंचाईतून, मुलं जास्त शिकावीत म्हणून नव्हे. इलिनॉयमधल्या व्हॅली व्ह्यू या शालेय जिल्ह्याने १९७०मध्ये ४५-१५ सुरू केलं, कारण मुलांचा लोंढा येत होता आणि नव्या इमारतींना पैसा नव्हता. हिशेब सोपा आहे. २४ खोल्यांच्या शाळेत एरवी २४ वर्ग बसतात. एक चतुर्थांश मुलं कायम सुटीवर असतील तर त्याच खोल्यांत ३२ वर्ग बसतात. पंचवीसच्या पटाने ६०० मुलांच्या जागी ८००. एक वीटही न रचता ३३ टक्के जागा वाढली. प्रशासनाला हे गणित आवडणारच.

कागदावरचं हे गणित शाळेत उतरताना कुठे फसतं ते बघा. तिसरीत ११० मुलं आहेत असं धरा. चार ट्रॅक म्हणजे प्रत्येकी सत्तावीस-अठ्ठावीस. पण पालक असे समान भाग पाडून मागत नाहीत. ज्या ट्रॅकची सुटी पारंपरिक उन्हाळी सुटीच्या जवळ पडते त्यावर उड्या पडतात. वेकमध्ये, म्हणजे कॅरी ज्या काउंटीत येतं तिथे, साधारणपणे ट्रॅक ४ची मागणी जास्त, कारण तो जुलैत सर्वांत उशिरा सुरू होतो. समजा ४५ जणांनी तो मागितला आणि दुसऱ्या एखाद्या ट्रॅकला फक्त १४ आले. मग मुख्याध्यापकांपुढे दोनच वाटा उरतात: मुलांना नको त्या ट्रॅकमध्ये ढकलायचं, नाहीतर त्या १४ जणांना चौथीच्या मुलांसोबत एका वर्गात बसवायचं. जोडवर्ग वाईटच असतो असं नाही, पण तो तयारीच्या शिक्षकाने मुद्दाम घेतलेला असावा. इथे तो नाइलाजाने आलेला असतो. नवीन येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला नको असलेला ट्रॅक येण्याची शक्यता जास्त, हे तुम्ही लक्षात घ्या.

याहून खोल तोटा विशेष शिक्षकांमुळे होतो. शाळेत इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारी बाई एक, वाचादोषावर काम करणारी थेरपिस्ट एक किंवा आठवड्यातून दोन दिवस येणारी. त्यांची नेमणूक बहुधा दहा महिन्यांची. चारही ट्रॅकना वर्षभर पुरायचं तर त्यांना बारा महिने यावं लागेल, म्हणजे जादा पगार. तो नसेल तर वेळापत्रक बसवणारा सोपा मार्ग धरतो आणि ज्यांना ही मदत लागते ती सगळी मुलं एक-दोन ट्रॅकमध्ये एकत्र करतो. हुशार मुलांच्या कार्यक्रमाचंही तसंच होतं, तो दुसऱ्या एखाद्या ट्रॅकला चिकटतो. दोन-तीन वर्षांत एकाच इमारतीत चार वेगळ्या शाळा तयार होतात. एक चांगल्या घरच्या, माहीतगार पालकांची, एक नव्याने आलेल्या स्थलांतरितांची, वगैरे. कुणी असं ठरवलेलं नसतं. वेळापत्रकाच्या सोयीतून ते घडत जातं. कॅलिफोर्नियातल्या मल्टी-ट्रॅक शाळांमध्ये नेमका हाच प्रकार संशोधकांना दिसला.

आता वर्गखोली. ट्रॅक-आऊटच्या आदल्या शुक्रवारी बाईंना खोली रिकामी करून द्यावी लागते, सोमवारी तिथे दुसरा वर्ग येणार असतो. चाकांचं कुलूपबंद कपाट असतं, त्यात वह्या, गणिताचं साहित्य, वाचनाच्या पुस्तकांचे टब कोंबायचे. भिंतीवरचे तक्ते काढायचे, प्रत्येक मुलाची अर्धी राहिलेली कामं पिशवीत भरून वर नाव लिहायचं, आणि तीन आठवड्यांनी परतल्यावर बहुधा वेगळ्याच खोलीत सगळं पुन्हा मांडायचं. खोली वेगळ्या इयत्तेकडे गेली तर बाकांची उंचीही जुळत नाही, म्हणून शहाणी शाळा अदलाबदल एकाच इयत्तेत ठेवते. काही ठिकाणी चार शिक्षकांत तीन खोल्या देतात: तिघांच्या खोल्या ठरलेल्या आणि चौथ्याने दर तीन आठवड्यांनी रिकाम्या खोलीत बिऱ्हाड हलवायचं. तो चौथा बहुधा सर्वांत नवा शिक्षक असतो, म्हणजे ज्याला स्थैर्याची सर्वांत जास्त गरज तोच फिरस्ता. तुमच्या मुलाच्या वर्गाला ठरलेली खोली आहे की वर्ग फिरता आहे, हे विचारायला विसरू नका.

मल्टी-ट्रॅकचं टोक बघायचं तर लॉस एंजेलिस. तिथे गर्दी इतकी होती की चार ट्रॅकही पुरेनात, म्हणून ‘कन्सेप्ट सिक्स’ आणलं: तीन ट्रॅक, दोन शाळेत, एक सुटीवर. त्यात प्रत्येक मुलाला १८०ऐवजी १६३च दिवस बसत. प्रत्येक दिवस थोडा लांबवून मिनिटं भरून काढत, पण शाळेत दिवसाची शेवटची वीस मिनिटं आणि एक अख्खा दिवस यांची किंमत सारखी नसते, हे कुणीही शिक्षक सांगेल. वर्षाला १७ दिवस गेले, म्हणजे बारा वर्षांत २०४, एका पूर्ण शैक्षणिक वर्षाहून जास्त. त्यातही मधल्या ट्रॅकची अवस्था सर्वांत वाईट. जुलै-ऑगस्ट शाळा, मग दोन महिने सुटी, मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पुन्हा दोन महिने सुटी, शेवटी मे-जून. सहामाही मधोमध तुटायची. आणि एपी परीक्षा (हायस्कूलमध्ये द्यायच्या कॉलेज दर्जाच्या परीक्षा) तर देशभर मेमध्ये एकाच तारखांना. एप्रिल संपेपर्यंत सुटीवर असलेली मुलं अर्ध्या अभ्यासक्रमावर पेपर द्यायला जात. या शाळांमधली मुलं बहुतांशी गरीब, लॅटिनो वस्त्यांतली होती. गरीब मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवरून कॅलिफोर्निया राज्यावर २०००मध्ये झालेल्या ‘विल्यम्स’ खटल्यात हाही मुद्दा होता. २००४मध्ये तडजोड झाली आणि कन्सेप्ट सिक्स २०१२पर्यंत बंद करायचं ठरलं. नव्या शाळा बांधल्या गेल्या आणि ते बंद झालं. बांधकामाला पैसे मिळाल्यावर जिल्हा जी पद्धत सोडून देतो, तिचे शैक्षणिक गुण किती होते हे ज्याचं त्याने ओळखावं.

कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स हा सगळा वेक काउंटीचा भाग. वेकमध्ये साधारण १८० दिवस पाळले जातात, त्यामुळे वरचा प्रकार तिथे नाही. २००७मध्ये गर्दीमुळे वेकने २२ शाळा सक्तीने इयर-राउंड केल्या. पालक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये निकाल दिला की यासाठी पालकांच्या संमतीची गरज नाही.

हीच सक्ती संशोधनाच्या कामी आली, कारण कोणती शाळा बदलेल हे पालकांच्या निवडीवर ठरलेलं नव्हतं. स्टीव्हन मॅकमुलन आणि कॅथरीन राऊज यांनी या २२ शाळांची गुणांची आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१२मध्ये आला: सरासरी मुलाच्या गुणांवर कॅलेंडरचा जवळजवळ काहीच परिणाम नाही. जेनिफर ग्रेव्ह्ज यांनी कॅलिफोर्नियाच्या मल्टी-ट्रॅक शाळा पाहिल्या, तिथे राष्ट्रीय क्रमवारीत एक-दोन पर्सेंटाइलची घसरण दिसली. घसरण छोटी, पण दिशा चुकीची.

‘उन्हाळ्यात मुलं शिकलेलं विसरतात, इयर-राउंडमध्ये विसरत नाहीत’ हा या पद्धतीचा मुख्य दावा. पहिला अर्धा भाग अगदीच खोटा नाही. हॅरिस कूपर यांच्या १९९६च्या आढाव्यात उन्हाळ्यात सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाएवढी घट आली, गणितात जास्त. पुढे मोजमापाच्या पद्धतीवरच शंका घेतल्या गेल्या. दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही. पॉल फॉन हिप्पेल यांनी दाखवलं की इयर-राउंडची मुलं जुलै-ऑगस्टमध्ये थोडं जास्त शिकतात आणि उरलेल्या वर्षात तेवढंच कमी. वर्षाअखेरीस बेरीज सारखीच. हे आश्चर्याचं नाही. शिकवण्याचे दिवस वाढलेच नाहीत तर शिकणं कुठून वाढणार? उलट घडी बसवण्याचा खर्च वाढतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचे दोन दिवस रुळण्यात आणि शेवटचे दोन आवराआवरीत गेले, तर चार तुकड्यांत १६ दिवस झाले.

या सगळ्यावर एक चांगलं उत्तर होतं: इंटरसेशन. तीन आठवड्यांच्या सुटीत मागे पडलेल्या मुलांचे छोटे वर्ग घ्यायचे, म्हणजे जूनपर्यंत वाट न बघता ऑक्टोबरमध्येच गाडी रुळावर येते. कल्पना खरंच उत्तम आहे. पण तिला शिक्षकांचं जादा मानधन, बस आणि जेवण लागतं, आणि मल्टी-ट्रॅकमध्ये रिकामी खोली सापडत नाही कारण त्या खोलीत दुसरा वर्ग बसलाय. बजेटला कात्री लागली की पहिला बळी हाच. शाळा इंटरसेशनचं नाव घेत असेल तर मागच्या वर्षी किती दिवस, कोणत्या इयत्तांना आणि फुकट होतं की पैसे देऊन, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

तुमच्या घरापुरतं सर्वांत मोठं दुखणं मात्र वेगळंच आहे, ते थोरलीमुळे. वेकची नेहमीची हायस्कुलं पारंपरिक कॅलेंडरवर चालतात. राज्याच्या कायद्यानुसार ती २६ ऑगस्टच्या जवळच्या सोमवारआधी उघडू शकत नाहीत आणि ११ जूनच्या जवळच्या शुक्रवारपर्यंत संपावी लागतात. किनाऱ्यावरच्या पर्यटन धंद्याने हा कायदा लावून धरला होता. इयर-राउंड शाळांना यातून सूट आहे, त्या जुलैच्या सुरुवातीलाच भरतात आणि जूनच्या अखेरीस संपतात. म्हणजे थोरलीला अकराएक आठवड्यांची सुटी, धाकट्याला तीन-चार, आणि दोघांची मिळून सामाईक उन्हाळी सुटी काही आठवड्यांची. तीही धाकट्याच्या ट्रॅकवर अवलंबून. दोन्ही मुलं प्राथमिक शाळेत असती तर भावंडांना एकच ट्रॅक द्यायचा प्रयत्न शाळा करते. तुमच्या बाबतीत तो दरवाजा बंद आहे.

याचा थेट परिणाम भारतवारीवर. तीन आठवडे म्हणजे शनिवार-रविवार धरून फार तर २३ दिवस. जाण्या-येण्यात तीन-चार दिवस, रात्र-दिवसाचा गोंधळ सुटेपर्यंत अजून तीन-चार. पुण्याला आजोळी आणि नागपूरला आत्याकडे असे दोन मुक्काम करायचे तर धावपळच होते. सुटीला जोडून आणखी आठवडा बुडवायचा म्हटलं तर नॉर्थ कॅरोलायनात विनापरवाना गैरहजेरी ३, ६ आणि १० दिवसांना पोचली की शाळेकडून कळवणं येतं. शैक्षणिक कारणासाठी आगाऊ अर्ज करून परवानगी मिळू शकते, पण तो अर्ज तिकीट काढण्याआधी करायचा. बृहन्महाराष्ट्र मंडळाची (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेची) अधिवेशनंही बरेचदा जुलैच्या आसपास येतात, तेव्हा इयर-राउंडचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. न्यायाने हेही सांगायला हवं की एखाद्या ट्रॅकची सुटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडली तर स्वस्त तिकिटात दिवाळी गाठता येते. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना ते सुख नाही.

पाळणाघराचा खर्चही वेगळ्या तऱ्हेने बसतो. एकूण सुटी तेवढीच असली तरी वर्षातून चार वेळा तीन-तीन आठवड्यांची सोय करावी लागते. वेकमध्ये ‘ट्रॅक-आऊट कॅम्प’चा चांगला धंदा उभा राहिलाय, पण ते आठवड्याच्या हिशेबाने पैसे घेतात आणि चांगले लवकर भरतात. ट्रॅक कळला की त्याच आठवड्यात वर्षाच्या सगळ्या तारखा लिहून नोंदणी करायची, शाळा उघडेपर्यंत थांबायचं नाही. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं घरी असतात, ती मुलं सांभाळायला मिळतात. फेब्रुवारीत ती कुठून आणणार? ग्रेव्ह्ज यांच्याच दुसऱ्या अभ्यासात इयर-राउंड कॅलेंडरचा आयांच्या नोकरीवर विपरीत परिणाम दिसला. आजी-आजोबा सहा महिने येऊन राहणार असतील तर त्यांच्या तिकिटाच्या तारखा ट्रॅक बघून ठरवा, म्हणजे दोन ट्रॅक-आऊट निभावून जातील.

इमारतीचा तोटा पालकांना दिसत नाही, पण भोगावा लागतो. फरशीचं जुनं मेण खरवडून नवे थर द्यायचे तर खोली रिकामी हवी आणि वाळायला वेळ हवा. छप्पर, वातानुकूलन, रंगकाम यांचंही तेच. पारंपरिक शाळा हे सगळं जून-जुलैत उरकते. मल्टी-ट्रॅक इमारत कधीच रिकामी नसते, म्हणून डागडुजी शनिवार-रविवारी किंवा नाताळच्या आठवड्यात कोंबतात आणि उरलेली पुढे ढकलतात. मग वातानुकूलन बंद पडतं ते नेमकं जुलैत, मुलं वर्गात असताना. तिथला जुलै कोकणातल्या मेसारखा दमट असतो. बसला एसी असेलच असं धरू नका.

मुख्याध्यापक आणि कार्यालयातल्या लोकांना तर श्वास घ्यायला फुरसत नसते. सगळे शिक्षक एकत्र बसतील असा दिवस वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, कारण पाव स्टाफ कायम बाहेर. स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, पालकसभा ठेवली की एक ट्रॅक सुटीवर असतोच, आणि मग ‘सुटीतही या’ अशी चिठ्ठी येते. शिक्षकांना पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे उन्हाळी वर्ग करता येत नाहीत. एक फायदा मात्र खरा: बदली शिक्षक हवा असेल तर सुटीवरच्या ट्रॅकमधला अनुभवी शिक्षक मिळतो.

आता सासऱ्यांचा प्रश्न. महाराष्ट्रात मोठी सुटी उन्हामुळे आहे. मेमध्ये चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली, वीज गेली की पंखाही नाही, अशा जिल्हा परिषद शाळेत तेव्हा मुलं बसवणं शक्यच नाही. विदर्भातल्या शाळा जूनमध्येही उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात ते याचसाठी. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिलेत, तेवढे आहे त्या कॅलेंडरमध्ये बसतात. जागेच्या टंचाईवर आपला उपाय आधीपासून आहे, दोन पाळ्या. शिवाय एक गोष्ट बाहेर कुणाच्या ध्यानात येत नाही: शिक्षक हे सुटी मिळणारे कर्मचारी धरले जातात, म्हणून त्यांना इतर सरकारी कर्मचाऱ्यांसारखी वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा नसते. मोठी सुटी मोडली की ती रजा द्यावी लागेल, पुढे तिचं रोखीकरणही, आणि हा बोजा तिजोरीवर येईल. बीडमधल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा दिवाळीच्या सुमारास सुटते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपेपर्यंत, सुटलेलीच राहते. तीन-तीन आठवड्यांच्या तुकड्यांनी त्यांना काही फायदा नाही. त्यांना हवीत गावात हंगामी वसतिगृहं.

कॅरीला परत येऊ. शाळा सिंगल-ट्रॅक असेल आणि तुमची अडचण फक्त तारखांची असेल, तर घ्या. अभ्यासाचं नुकसान होणार नाही. मल्टी-ट्रॅक असेल तर तिसरीत प्रत्येक ट्रॅकला किती मुलं आहेत, जोडवर्ग आहे का, इंग्रजीची मदत लागली तर ती कोणत्या ट्रॅकमध्ये मिळते आणि धाकट्याला कोणता ट्रॅक मिळेल हे लेखी विचारा. उत्तरं पटली नाहीत तर पारंपरिक कॅलेंडरच्या शाळेसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत ठरलेली असते, जागा असेल तरच मिळते, आणि तिथपर्यंत बस येईलच असं नाही. तेव्हा भाडेकरार करण्याआधी त्या शाळेचं घरापासूनचं अंतर सकाळच्या रहदारीत एकदा गाडीने मोजून घ्या.